समता कितवी?

१ सप्टेंबर, सोमवार
समताने कितव्या नंबरवर बॅटिंगला जावं? मला माहीत नाही.
ही वही कोणी वाचणार नाही म्हणून खरं लिहिते. उद्यापर्यंत माहीत होईल. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट, वर बी.पी.एड. नऊ मुलींची रांग लावता येऊ नये म्हणजे काय!
एकोणीस तारखेला खामगावला तालुक्याची बेसबॉल स्पर्धा आहे. जिल्ह्याच्या संघासाठी मुली निवडणारे सर बघायला येणार. आमच्या पिंपळगावच्या शाळेत निवडण्यासारखी एकच मुलगी आहे, नववीतली समता. तिने मारलेला चेंडू कुंपणापलीकडे रुखमाबाईंच्या तुरीत जातो. चेंडू परत देताना रुखमाबाई दरवेळी म्हणतात, मॅडम, तुमची पोट्टी माही तूर सोंगायच्या आधीच झोडपून राह्यली.
समताचे वडील पुंजाजी म्हणाले आहेत, पोरगी जिल्ह्यात गेली तर खेळू देईन, नाही गेली तर पुरे. शब्दाचा माणूस आहे. त्याचीच भीती वाटते.

३ सप्टेंबर, बुधवार
सापडलं. चौथी.
अमेरिकेतला व्हिडिओ बघितला. दिवसाचा सगळा डेटा संपला, पण डोक्यात प्रकाश पडला. पहिल्या तिघी कशाबशा बेसवर जाऊन उभ्या राहतात, चौथी मोठा फटका मारते आणि सगळ्या घरी, म्हणजे शेवटच्या बेसवर, येऊन रन काढतात. क्रम शाईने लिहिला. वर लिहिलं : अंतिम.
सरावात पहिल्या तिघींतली एकही बेसवर पोचली नाही. तिघीही आऊट, तीन आऊटला डाव संपतो, समता हेल्मेट घालून उभीच. कॅप्टन पुष्पांजली म्हणाली, मॅडम, समतालेच पयले धाडा ना, आमच्या जिवाले तरी आराम. मी समजावलं की क्रम भावनेने लागत नसतो.

५ सप्टेंबर, शुक्रवार
शिक्षक दिन. मुलींनी पेन दिला. गहिवरून आलं. त्याच पेनाने नवा क्रम लिहिला. समता तिसरी. अंतिम-२.
हेडसरांनी बोलावलं. म्हणाले, तुमचा चार वाजताचा तास गणिताच्या सरांना हवा आहे. या स्पर्धेत काय होतं ते बघू. हरलात आणि चूक तुमचीच निघाली, तर मला काही बोलता येणार नाही. मी म्हटलं, सर, सगळं शास्त्रीय पद्धतीने चाललं आहे. ते म्हणाले, त्याचीच काळजी वाटते.
तासाप्रमाणे मानधन असणाऱ्यांनी मनाला लावून घ्यायचं नसतं. लावून घेतलं नाही. डबा मात्र तसाच परत आणला.

८ सप्टेंबर, सोमवार
महिनाभराच्या सरावाचे आकडे काढले. समता पहिली गेली तेव्हा दहांत सात वेळा बेसवर पोचली. बाकी कुठल्याही नंबरवर दहांत तीन.
असं का, म्हणून तिला विचारलं. म्हणाली, थांबून राह्यलं की मले भेव लागते, मॅडम. हात ओले होतात. पयले गेली की भ्याले टाइमच नाही भेटत.
हा काही शास्त्रीय मुद्दा नाही. नोंद केली आणि बाजूला ठेवली. समता दुसरी. अंतिम-३.

११ सप्टेंबर, गुरुवार
ओट्यावर आठ हरभरे आणि एक शेंगदाणा मांडून पूर्ण सामना खेळून पाहिला. शेंगदाणा म्हणजे समता. पाचव्या नंबरवर शेंगदाणा फार छान चालत होता. तेवढ्यात फोन आला म्हणून उठले. परत येते तर आईने सगळी टीम गोळा केलेली. आई म्हणाली, मले काय मालूम तुही मॅच चालू हाये, मी म्हटलं पोरीनं सांडवलं.
समता चटणीत गेली.
अपशकुन वगैरे मी मानत नाही. पण पाचवा नंबर रद्द.

१४ सप्टेंबर, रविवार
पाच दिवस उरले. वहीत सात अंतिम क्रम आहेत. झोप लागत नाही. बहुतेक चहामुळे.
बाबांना सांगितलं. बाबा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलतात, पण आजूबाजूच्या गावांतली कुस्त्यांची एकही दंगल त्यांनी आजवर सोडलेली नाही. म्हणाले, कावं मंजू, यात्रेत मोठी जोड कवा सोडतेत? शेवटी. पयले रेवड्याइवरच्या कुस्त्या, बारके पोट्टे, मंग मानाची कुस्ती. मोठी जोड पयलेच सोडली त मानसं उठून घरी जातीन ना!
अंगावर काटा आला. अमेरिकेला हे सुचलं नाही. निवडणारे सर शेवटपर्यंत बसून राहतील आणि शेवटी समता. समता नववी!
आता खरोखर अंतिम.

१६ सप्टेंबर, मंगळवार
मुलींना क्रम सांगितला. समता मागे थांबली. म्हणाली, मॅडम, मी काऊन शेवटी? माही काही चूक झाली का?
मी मानाच्या कुस्तीचं सांगितलं. ती म्हणाली, पण माहा नंबर येईन ना? मी फळ्यावर गणित मांडलं. डाव सात, दर डावात तीन आऊट, म्हणजे किमान एकवीस जणी मैदानात जाणार. नऊ जणींत तुझा नंबर दोनदा तरी येणारच.
मान डोलावून हाव म्हणाली. जाताना हात ड्रेसला पुसत होती. पाणी पिऊन आली असावी.

१९ सप्टेंबर, शुक्रवार. खामगाव
सकाळी ९.१० : पोचलो. ऊन आहे, पण आत्मविश्वास आहे. निवडणारे सर पांढरी टोपी घालून खुर्चीत.
११.३० : उद्घाटन व्हायचं आहे. पाहुणे रस्त्यात आहेत.
१.४० : पाहुणे आले. पाहुणे बोलत आहेत.
२.५० : पंच सांगून गेले, उशीर झाला, मॅच दोनच डावांची.
क्रमाचा कागद अजून माझ्याच हातात होता. पुष्पांजली धावत आली. मॅडम, दोन डाव म्हणजे सहा आऊट, समताले वर घ्या! समता मागे उभी राहून हात ड्रेसला पुसत होती. मी म्हणाले, शास्त्र डावांवर अवलंबून नसतं, आणि कागद देऊन टाकला. एकदा दिला की बदलता येत नाही.
३.३५ : सहा जणी गेल्या. सहा जणी परत आल्या. हरलो, एक-शून्य.
समता रांगेत होती. बॅट हातात, हेल्मेट डोक्यात. पंचांनी हात वर करून मॅच संपल्याचं सांगितलं तरी तिने हेल्मेट काढलं नाही. मंग काढू का मॅडम, असं विचारलं.
मी पांढऱ्या टोपीच्या मागे धावले. मी म्हटलं, सर, आमची सगळ्यात भारी मुलगी तुम्ही पाहिलीच नाही. ते म्हणाले, भारी हाये, तर मंग शेवटी काऊन ठेवली?
मानाच्या कुस्तीचं तोंडापर्यंत आलं होतं, ते गिळलं.
सर भले आहेत. म्हणाले, पोरीचा दोष नव्हता असं कारणासहित लिहून आना, हेडमास्तरच्या सहीनं. पंचवीस तारखेला दहा बॉल देईन तिले. कागद नसन त मले दुसऱ्या शाळावाले सोडनार नाहीत.

२० सप्टेंबर, शनिवार
पत्र लिहिलं. अडीच पानं. पाहुण्यांचा उशीर, ऊन, डावांची कपात, वाऱ्याची दिशा. वाचून बघितलं, चांगलं झालं आहे. यात माझं नाव कुठेच येत नाही, म्हणजे तासालाही धोका नाही.
फक्त समता नववी का होती, ते यात नाही. सरांनी तेवढंच विचारलं होतं.

२२ सप्टेंबर, सोमवार
चार वाजता मुली रांगेत उभ्या राहिल्या. मी क्रम सांगितलाच नव्हता. समता आपणहून शेवटी जाऊन उभी राहिली. मी म्हटलं, पुढे ये. ती म्हणाली, राहू द्या मॅडम, आता सवय करतो.
पुंजाजींनी निरोप दिला आहे, पंचवीसपर्यंत वाट पाहतो.
बाबांनी विचारलं, मानाची कुस्ती कशी झाली वं? मी म्हटलं, झालीच नाही, बाबा. बाबांना वाटलं मॅच रद्द झाली.

२४ सप्टेंबर, बुधवार, सकाळी ११.२०
अडीच पानं फाडली. नवं पत्र चार ओळींचं : समता आमची सर्वांत चांगली बॅटर आहे. पहिल्या नंबरवर ती उत्तम खेळते, हे माझ्याच वहीतल्या आकड्यांवरून मला माहीत होतं. तिने आणि इतर मुलींनी सांगूनही मी तिला शेवटी ठेवलं. चूक पूर्णपणे माझी आहे.
हेडसरांनी दोनदा वाचलं. म्हणाले, विचार करून लिहिलंय ना? मी म्हटलं, विचार करून केलं होतं ते एकोणीसला, सर. ते हसले नाहीत. सही केली, शिक्का मारला आणि क्रीडाखोलीची चावी मागितली. गणिताचे सर बाहेर उभेच होते.
चावी दिली. पत्र समताच्या हातात दिलं. उद्याच्या सकाळच्या पहिल्या बसने ती पुंजाजींबरोबर जाईल.
शाळेच्या रजिस्टरला पत्राची नोंद झाली आहे, क्रमांक ४१२. ती आता खोडता येत नाही.