घड्याळ कुणाच्या हातात

४ फेब्रुवारी
बेडी पडली एकदाची! साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी मनगटावर घड्याळ बांधलंय. मी किती चालते, नाडी कशी आहे, सगळं फोनमधून थेट दवाखान्यात जातं. तिथली सिस्टर रोज बघते म्हणे. ‘काकू, आता चोरी चालायची नाही.’ शिलाई मशीनवर बसणाऱ्या बाईचे पाय दिवसभर चालतात, पण पायडलवर. ते धरत नाहीत. विचारून घेतलं.

७ फेब्रुवारी
फोनवर पुन्हा लाल खूण, चालणं कमी पडलं म्हणून. शाळेचे गणवेश द्यायचेत — चालू कधी?

८ फेब्रुवारी
तोडगा ह्यांनीच काढला. विजेचे मीटर वाचायचं ह्यांचं काम, दिवसभर जिने चढ, जिने उतर. म्हणाले, ‘अगं, दे इकडे. माझ्या हातात राहू दे. संध्याकाळी तुझं तुला.’ सरळमार्गी माणूस, पण बायकोसाठी लबाडी करायला तयार झाला. नवरा असावा तर असा.

१५ फेब्रुवारी
फोन हिरवागार. सिस्टरचा निरोप आला — ‘काकू, कमाल केलीत.’ मला थोडी लाज वाटली, फार नाही. हे आले ते घामाघूम, बूटही न काढता आडवे झाले. माझ्या वाटचं चालून दमले बिचारे. पाय चेपून दिले.

२१ फेब्रुवारी
सिस्टरचा फोन. ‘घाबरू नका काकू, पण उद्या सकाळी या. हृदयाचे ठोके मधूनच चुकतायत.’ घाबरू नका म्हटलं की जास्तच धडकी भरते. हातातली कात्री खाली ठेवली. एकच विचार — ह्यांना साधा चहा करता येत नाही, माझ्यामागे कसं व्हायचं? ह्यांना सांगितलं तर ताट बाजूला सारलं. जेवलेही नाहीत.

२२ फेब्रुवारी
ह्यांनी मी न सांगता रजा टाकली, सोबत आले.
छातीला तारा लावल्या. कागद सरळ निघाला. डॉक्टर म्हणाले, ‘हृदय ठणठणीत आहे.’ सिस्टर गोंधळली. ‘पण काकू, परवा दुपारी जिने चढताना तर...’
परवा दुपारी मी मशीनवर होते! बाकावर हे बसलेले, एक जिना चढून अजून धापा टाकत होते. सगळं सांगून टाकलं. ‘घड्याळ ह्यांच्या हातात असतं. आधी ह्यांना तपासा.’
वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. कुणी रागावलं नाही. ह्यांनी शर्टाची बटणं काढायला घेतली. त्यांचा कागद वेडावाकडा निघाला. अजून उशीर झाला असता तर रक्ताची गुठळी मेंदूपर्यंत गेली असती, डॉक्टर म्हणाले. ठेवून घेतलंय.

२३ फेब्रुवारी
ठोके ताळ्यावर येतायत.

२६ फेब्रुवारी
घरी आणलं. गोळ्या कायमच्या. सिस्टरने ह्यांना ह्यांच्या नावाचं घड्याळ दिलं आणि आम्हा दोघांना दम दिला — ‘आता अदलाबदल नाही हं.’ तिचे हात धरले. जिला मी रोज फसवलं, तिनेच माझा संसार वाचवला. तिचे उपकार आहेत, डॉक्टरांचे आहेत, त्या घड्याळाचे आहेत. आणि खरं सांगायचं तर माझ्या आळसाचेही.

२ मार्च
आज दोघं कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत चाललो, आपापलं घड्याळ बांधून. मी चिडवलं, ‘माझ्या लबाडीत सामील झालात म्हणून वाचलात.’ हे बाकावर टेकले. म्हणाले, ‘घड्याळ तुझ्यासाठी नव्हतं गं मागितलं. जिन्यात छाती धडधडायची, कितीतरी दिवस. सांगायचा धीर होईना. म्हटलं, सिस्टरला दिसेल, तीच सांगेल तुला.’

घरी येऊन आठ तारखेचं पान काढलं. ‘नवरा असावा तर असा.’ खोडायला पेन टेकवलं. राहू दिलं.