स्वच्छ घोट

४ मार्च
चित्र परत फाटलं! तिकडे तालुक्याच्या दवाखान्यात पेशंट क्ष-किरणांसमोर बसून पांढरं बेरियम गिळतो, इकडे मी पडद्यावर बघते—घोट अन्ननलिकेत गेला की श्वासनलिकेत. सगळा खेळ एका क्षणाचा. आणि इंटरनेटची लाइन खाते ती नेमका तोच क्षण! समोर नुसते करडे चौकोन. पेशंटना परत बोलावलं. शिव्या मी खाल्ल्या.

७ मार्च
आयटीवाल्याने नवं काहीतरी बसवलं. म्हणाला, "आता चित्र अडकलं तर नाव बदलीन." खरंच, लोण्यासारखं सरकतंय.

८ मार्च
सगळे पास. एकाचाही घोट चुकला नाही. बरं वाटायला हवं. वाटत नाही. सगळ्यांचे गळे एकसारखेच हलतात, जणू एकाच मास्तरांकडे शिकलेत.

१० मार्च
आज आत्या होती. झटका आल्यापासून तिचं बोलणं गेलंय, नाकात नळी. पोट भरतं, तहान भागत नाही—पेला दिसला की हात पुढे करते. मला लहानाचं मोठं तिने केलं. आणि बेरियम सरळ अन्ननलिकेत! मी स्पीकरवर ओरडलेच. आतेभावाला सांगितलं, पाणी सुरू कर.

११ मार्च
आतेभावाचा फोन. "आधी कां-कू करत होती. म्हटलं, भाचीने सांगितलंय. मग प्यायली गुमान." ठसका नाही. जीव भांड्यात पडला.

१२ मार्च
आत्याला कणकण आहे. "हवा बदलली ना," आतेभाऊ म्हणाला. मी हो म्हटलं. काहींच्या फुप्फुसात पाणी मुकाट उतरतं, ठसकाही लागत नाही—मला काय हे माहीत नाही? पण मी डोळ्यांनी बघितलंय!

१३ मार्च
तिकडची टेक्निशियन—मी तिला घाईबाई म्हणते—फोनवर म्हणाली, "मॅडम, शेवटचे पेशंट गेले. मशीन बंद केलं."

माझ्या पडद्यावर गळा होता. त्याने घोट घेतला. स्वच्छ.

"खुर्चीत कोण बसलंय?"

"कुणी नाही हो!"

आणखी एक घोट.

आयटीवाल्याला धरून आणलं. "लाइन तुटली की मधलं चित्र ते नवं सॉफ्टवेअर स्वतःच भरतं," तो हसत म्हणाला. "आधीच्या सगळ्यांचं बघून. बहुतेकांचं जसं होतं, तसं."

बहुतेक जण नीटच गिळतात! पडदा बंद केला, तरी त्याच्याकडे पाठ करवेना. आतेभावाला फोन लावला—पाणी बंद कर, आत्ताच्या आत्ता! तो म्हणाला, "अगं, तिला दवाखान्यात आणलंय. धाप लागलीय." मूळ चित्रण, आवाजासकट, तिकडच्या मशीनमध्ये असतं. घाईबाईला म्हटलं, पाठव.

१४ मार्च
आत्याजवळ बसून आहे. डोळे उघडत नाही. हात धरला, तो तापलेला. देवा, माझं चुकलेलं नसू दे.

१५ मार्च
आत्या पहाटे गेली. दुपारी मूळ चित्रण बघितलं. ती बेरियम तोंडातच धरून बसली आहे. गिळलेलंच नाही. मागून माझा आवाज येतो—"शाब्बास आत्या! मस्त गिळलंस!" तो ऐकून पडद्यावरची कवटी हलते. डावीकडे, उजवीकडे. नाही. नाही.