खाड्याच्या दिवसाचं बाळंतपण

रत्नागिरी, ता. ९ ऑक्टोबर १९८४

ती. येसूमावशीस मथुरेचा वाकून नमस्कार.

सावर्ड्यात सगळी खुशाल ना? तुझे गुडघे कसे आहेत? (पाठवलेलं मलम मांजराला लावू नकोस, ते माणसांचं आहे.) मी बरी आहे, म्हणजे जेवते. झोप मात्र चार दिवस नाही.

तुला ठाऊकच आहे, इस्पितळात दर एकोणतीस दिवसांनी मला एक दिवस काढून टाकतात आणि दुसऱ्या दिवशी नवी ऑर्डर देतात. सलग ठेवलं तर कायम करावं लागेल ना. तीन वर्षं हेच चाललंय. त्या खाड्याच्या दिवशी मी नर्स नसते, कुणीच नसते. शुक्रवारी अशीच कुणी नसलेली मी, घरचं पातळ नेसून, हेडक्लार्क हरिहरपंतांच्या दाराशी बाकावर बसले होते, नव्या ऑर्डरची चौकशी करायला. तेवढ्यात बाळंतिणींच्या वॉर्डातून कमला सिस्टर धावत आली. ती एकटी, कळा देणाऱ्या बायका दोन, आणि डॉक्टरीणबाई ऑपरेशनात. मी गेले. न जाऊन सांगते कुणाला? राही नावाची पोर, पहिलटकरीण, आणि मूल पायाळू. मूल सोडवताना माझे ओठ हलत होते. (कमलाला वाटलं मी रामरक्षा म्हणतेय. मी हरिहरपंतांना शिव्या देत होते.) मुलगी रडली तेव्हा मीही रडले, लाज कसली.

डॉक्टरीणबाईंनी खूश होऊन नोंदवहीत स्वतःच्या हातानं लिहिलं, बाळंतपण मथुरेनं केलं, तारखेसकट. ते वाचून हरिहरपंतांचं तोंड उतरलं. खाड्याच्या दिवशी मी काम केलं, म्हणजे खाडा मोडला आणि माझी नोकरी सलग झाली. म्हणून त्यांनी एक जबाब तयार ठेवलाय: मी राहीची मावशी, सहज भेटायला आले होते, बाळाला हातसुद्धा लावला नाही. गुरुवारी पाचपर्यंत सही केली तर ऑर्डर, नाही तर घरी. (माझा खाडा तरी कायम होईल.)

तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस. मी निमूट सही करीन. पोट आहे ना मागे.

तुझी,
मथुरा

ता. क. मी मावशी असल्याचं राहीच्या सासरीही कळलंय. त्यांनी बारशाला कुंची मागितलीय. तुझ्या ट्रंकेतली एक पाठव.

आणखी एक. पाकिटात दुसरा कागद आहे, तो चुलीत घालू नकोस. नोंदवहीतल्या त्या पानाची नक्कल आहे, खाली डॉक्टरीणबाईंची सही. तांदळाच्या डब्यात तळाशी ठेव. उद्या भिऊन मी 'ती परत पाठव' असं कळवलं, तर पाठवू नकोस. कितीही रडून लिहिलं तरी.