बोळाच्या दारावरचे सील

प्रति,
मेहेरबान मुन्सिफ साहेब,
दिवाणी अदालत, कसबे शिंदेपेठ,
जिल्हा बीड.

अर्जदार : रामहरी वल्द आश्रुबा, मुखत्यार, राहणार बाजारपेठ, सदर.

विषय : बोळाच्या दारावरचे सील एका सुईणीच्या येण्याजाण्यापुरते काढण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : सुंदरराव विरुद्ध बद्रीनाथ हा दुकानाच्या किरायाचा मुकदमा, व त्यात मी लिहून दिलेला सुपुर्दगीनामा.

महोदय,

सेवेशी अर्ज करतो की, उर्दू अर्ज लिहून देणारे मुन्शीजी भिंत चढून येण्यास राजी नाहीत, आणि कालपासून भिंतीला शिडीही राहिलेली नाही. म्हणून हा अर्ज मराठीत, माझ्याच अक्षरात लिहितो आहे. चूकभूल पदरात घ्यावी.

१. तलवाड्याचे सुंदरराव यांचे येथील बाजारपेठेत दुकान आहे. मी त्यांचा मुखत्यार. दुकान किरायाने लावणे, वसुली करणे, छपराकडे लक्ष ठेवणे ही माझी कामे. त्याबद्दल दुकानामागची एक खोली व अंगण मला राहण्यास दिले आहे. तेथून रस्त्यावर येण्यास दुकानाच्या कडेचा बोळ आहे. दुसरी वाट नाही.

२. दुकान आष्टीचे मिरचीचे व्यापारी बद्रीनाथ यांना दिले. किरायानामा मीच लिहिला. पोती आत न्यायला बोळ लागतो, म्हणून चतुःसीमेत तो किरायेदाराच्या ताब्यात दाखवला. मुखत्याराच्या घरच्यांनी त्यातून जावे-यावे, एवढे एक वाक्य लिहिता आले असते. परंतु मालकाच्या कागदात मुखत्याराने स्वतःचा फायदा घुसडू नये, असे माझे इमान आहे. ते मी राखले, आणि आता त्याचे फळ सहकुटुंब भोगतो आहे.

३. पुढे छप्पर गळून मिरची भिजली. बद्रीनाथ म्हणतात, दुरुस्ती मालकाने करायची होती. सुंदरराव म्हणतात, किरायेदाराने पुढचा ओटा परस्पर दुसऱ्याला लावला, सबब दुकान खाली करावे. मी मालकास छपराबद्दल आणि किरायेदारास ओट्याबद्दल वेळेवर बजावले होते. तेव्हा दोघांनीही कानाआड केले. मुकदम्यात मात्र दोघांनी मलाच साक्षीदार केले आहे.

४. निकाल लागेपर्यंत दुकान बंद ठेवण्याचा हुकूम घेऊन अदालतीचे अमीन साहेब आले. किरायानाम्यात लिहिलेले प्रत्येक दार त्यांनी सील केले. बोळाचे दारही कागदात होते. त्याच्या अडसराला सुतळी बांधून लाख लावली, तीही आतल्या अंगाने, कारण बाहेरून पोरे लाख उकरतील. आम्ही बाहेर कसे पडावे, असे मी अदबीने विचारले. अमीन साहेब स्वतः शिडीने शेजारच्या अंगणात उतरून गेले आणि पंचनाम्यात 'येण्याजाण्यास वाट आहे' असा शेरा मारला. जाण्याआधी म्हणाले, "तुमी दोघांच्याबी भरवशाचे हाव, म्हणून सुपुर्दगी तुमच्याच नावावर." मी सुपुर्दगीनाम्यावर सही केली, म्हणजे सीलबंद जागेचा राखणदार झालो. सील अभंग ठेवावे, जागा सोडू नये, मालाची नासाडी होऊ देऊ नये, अशा त्यात अटी आहेत. बंद दुकानातल्या मालाची नासाडी बाहेरून कशी थांबवावी, हे लिहिलेले नाही.

५. यापूर्वी एक अर्ज दिला होता. हुकूम झाला की अर्जदाराने जातीने हजर व्हावे. हजर झालो, तर सुपुर्ददाराने जागा का सोडली म्हणून जबाब मागितला. तो लिहून दिला. मग दोन्ही पक्षांची संमती आणण्यास फर्मावले. सुंदरराव संमती देतात, पण मी ओट्याची साक्ष द्यावी आणि छपराबद्दल गप्प बसावे. बद्रीनाथही देतात, फक्त छपराची साक्ष द्यावी आणि ओट्याचे नाव काढू नये. मला दोन्ही गोष्टी ठाऊक आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. त्यामुळे संमती एकाचीही मिळाली नाही.

६. माझी लेक छबुबाई, सासर तेलगाव, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. ती आली तेव्हा बोळ उघडा होता. आता तिचे दिवस भरले आहेत. चैत्राच्या उन्हाने दुकानातल्या मिरचीचा खकाणा फटीतून घरात येतो, आणि तिला ठसका लागला की थांबत नाही. तिला शिडीवरून उतरवता येणार नाही, हे सांगायला वैद्य नको. सासरची माणसे आली आणि भिंतीपलीकडूनच ख्यालीखुशाली विचारून परत गेली. माझी मान खाली गेली.

७. शिडी शेजारी बंकट तेल्याच्या घाण्याच्या बैलाच्या वाटेत उतरत असे. त्याने इतके दिवस सोसले. काल त्याला कोणी तरी सांगितले की रोज उतरू दिल्यास पुढे वहिवाटीचा हक्क लागतो. तो भिंतीवरून मला म्हणाला, "रामहरीदादा, तुमच्यावर राग न्हाई. पन तुमी कागदाचं मानूस हाव. तुमचंच भ्या वाटतंय." आणि शिडी काढून घेतली. त्याला दोष देता येत नाही. मालकांना हाच सल्ला मी आजवर देत आलो आहे.

८. आज सकाळपासून लेकीला कळा येत आहेत. तुळजाबाई सुईण बोळाच्या दाराबाहेर रस्त्यावर बसली आहे. ती फटीतून सांगते, मी ते आत पोचवतो आणि माझी बायको भिवराबाई तसे करते. आत हाताला काय लागते ते ऐकून तुळजाबाई आत्ताच म्हणाली, "मूल आडवं हाय. म्या हात लावल्याबिगर सुटका न्हाई. दादा, लाखेकडं बघत काहून बसलाव?"

सबब विनंती की, तिला आत घेण्यापुरते सील काढण्याची परवानगी

९. वरचे वाक्य अपुरे राहिले, त्याबद्दल माफी असावी. छबूने मला हाक मारली. अशा वेळी लेक आईला बोलावते, बापाला नाही. मी उठून सुतळी तोडली, अडसर काढला आणि तुळजाबाईला आत घेतले. तरी परवानगीची विनंती मागे घेतो. मालकाचे, किरायेदाराचे आणि अदालतीचे इमान मी सांभाळत आलो. आज तिघांचेही मोडले असेल तर त्याचा मला पस्तावा नाही, भीती मात्र पुष्कळ वाटते. शिक्षा माझ्या एकट्याच्या नावे व्हावी. दुकानाच्या दारांची सीले शाबूत आहेत आणि मिरचीला कोणी हात लावलेला नाही. बोळ उघडा असल्याने मी उंबऱ्यात राखणीला बसलो आहे. अमीन साहेबांना पाठवावे.

सुपुर्दगीत बांधलेला,
आपला नम्र,
रामहरी वल्द आश्रुबा
तारीख ९ खुरदाद १३२१ फसली

सोबत :
१. किरायानाम्याची नक्कल.
२. तुटलेली सुतळी व लाख, पुडीत बांधून. पुडी बांधत असता आतून तान्ह्याचे रडणे आले, पाठोपाठ छबूचा आवाजही ऐकला. मुलगा की मुलगी, हे अजून मला माहीत नाही. सुपुर्ददारास जागा सोडता येत नाही.