पहिली चिठ्ठी

गोरेगाव, गुरुवार, एकादशी, २००७

सुमा उद्या पुण्याला नोकरीवर जाणार. तिनं पाठवलेले मेल फक्त मलाच उघडता यावेत, म्हणून आज पासवर्ड ठरवायचा होता. मी विठ्ठलाचं नाव सांगितलं, तर पोरगी हसली. "आई, हे तर अख्खं गाव ओळखंल."

पासवर्ड सांभाळायच्या प्रोग्राममध्ये तिनं साचा लिहून दिलाय. चार अक्षरं, एक खूण, दोन आकडे. कोणती, ते कॉम्प्युटरच ठरवतो. आत बसून कोण निवडतं?

"साचा माझा, पण काय येईल ते मलाबी ठाऊक न्हाई," म्हणते.

पहिला आला तो फारच वेडावाकडा. मी दुसरा काढायला लावला, मग तिसरा, असं करत शेवटी अकरा आकडा असलेला आला. म्हटलं, "हा शुभ आहे, हाच घे."

"मग हा तूच निवडला की! तुझी आवड कोणाला माहीत न्हाई?"

लागलं मनाला. देवापुढं उचललेली पहिली चिठ्ठी परत ठेवायची नाही, हे मीच सगळ्यांना बजावते. मग इथं काहून ठेवली?

प्रोग्रामच्या यादीत तो पहिला अजून होता; तोच, वेडावाकडाच घेतला. माळेवर एकशे आठ वेळा म्हटला, तेव्हा कुठं तोंडात बसला. या वहीत मी सगळं लिहिते. तो मात्र लिहायचा नाही.