लिटरमागे अकरा

चिंचवड, ४ ऑगस्ट २०२४

चि. भीमराज यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्यावर आपण भांडतो, म्हणून पत्र.

गाडीनं त्रास मांडलाय. दोन हजार आठची पेट्रोलगाडी, इतकी वर्षं लिटरला पंधरा किलोमीटर देत आली, आता अकरावर आलीय. टाकी काठोकाठ भरून दोनदा मोजलं. आमचा धनेश म्हणतो, वर्षअखेरपर्यंत सुधारली नाही तर विकून टाकू. त्याला हिंजवडीला न्यायला कंपनीची कॅब येते, त्याचं काही अडत नाही. पण नातीला, स्वरूपाला, शाळेत सोडणं-आणणं आणि तुझ्या वहिनीला गुडघ्यांच्या व्यायामाला नेणं, एवढीच कामं आता माझ्याकडे उरलीत. तीही गेली तर मी दिवसभर करू काय? तू कारखान्यात बावीस वर्षं इंजिनं तपासलीस, उपाय सांग.

तुझा,
ज्योतीराम

औसा, १३ ऑगस्ट २०२४

तीर्थस्वरूप दादांस,
कृ. सा. न. वि. वि. पत्र पावलं. अक्षर अजून तसंच आहे, दोन ओळी शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतल्या.

आधी टायरची हवा, मग एअर फिल्टर, मग प्लग बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि एक टाकी संपू द्या, नाहीतर गुण कशानं आला ते कळणार नाही. पुलावर चढताना इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी पळत नाही, असं होत असेल तर क्लचप्लेट घसरतेय. मग पेट्रोल फुकट जळतं. घाई करू नका. वहिनींना नमस्कार, लोभात घट नसावी.

आपला,
भीमराज

चिंचवड, १७ नोव्हेंबर २०२४

चि. भीमराज यास,
अ. उ. आ. हवा, फिल्टर, प्लग झाले. फरक अर्ध्या किलोमीटरचा. पुलावर मात्र तू म्हणालास तसंच होत होतं. कुदळवाडीच्या नागसेन मेकॅनिकनं क्लचप्लेट बदलली आणि पहिल्या टाकीला साडेचौदा आले. मी स्वरूपाला आइस्क्रीम खाऊ घातलं.

तिसऱ्या टाकीला परत अकरा, वर जळका वास. नागसेन म्हणतो प्लेट अस्सल होती. मी गॅरेजात चार माणसांसमोर त्याला म्हणालो की डुप्लिकेट माल घातलास. त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं. त्यामुळं माझा संशय वाढला. तुझं मत कळव.

तुझा,
ज्योतीराम

औसा, २६ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप दादांस,
कृ. सा. न. वि. वि. कितीही हलकी प्लेट असली तरी दोन-तीन महिन्यांत अशी जळत नाही. नागसेनला पुन्हा प्लेट बदलू द्या. मग त्याच रस्त्यांवर एक टाकी त्याला चालवू द्या, आणि नंतर त्याला शेजारी बसवून तुम्ही चालवा. राग मानू नका. मला काय वाटतं ते आत्ताच लिहीत नाही, ते चुकीचं ठरलं तर मलाच बरं वाटेल. तुमची साखरेची तपासणी वर्षभर राहिलीय असं वहिनी फोनवर म्हणत होत्या. तीही उरकून घ्या.

काळजीत असलेला,
भीमराज

चिंचवड, १२ जानेवारी २०२५

चि. भीमराज यास,
अ. उ. आ. नागसेनच्या हाती गाडीनं पंधरा दिले. मग मी चालवायला बसलो, तो शेजारी. चिखलीपर्यंत तो माझ्या पायांकडे बघत राहिला. तिथं गाडी बाजूला घ्यायला लावून त्यानं हलक्या आवाजात विचारलं की काका, डावा पाय सारखा क्लचवर का ठेवता, प्लेट त्यानंच घसरून जळतेय. मी म्हणालो, ठेवतच नाही. खाली पाहिलं तर पाय क्लचवरच होता. चप्पल कधीच निसटून पडली होती, तेही मला कळलं नव्हतं.

डॉक्टरांनी तळव्याला टाचणी लावली. डाव्या पायाला काहीच कळलं नाही, उजव्याला थोडं. साखरेनं नसा गेल्यात.

उभी नोकरी आपण दोघं कारखान्याच्या युनियनमध्ये एकच गोष्ट सांगत आलो की दोष आधी मशीनमध्ये शोधा, ऑपरेटरवर ढकलू नका. त्यापायी सहा महिने मी फिल्टर, प्लग आणि नागसेन यांच्यावर खापर फोडत राहिलो. शेजारच्या सीटवर रोज स्वरूपा बसलेली असायची. नागसेनची माफी मागितली, त्याच चार माणसांसमोर.

धनेश काही बोलायच्या आत मीच सूनबाईच्या, तनुजाच्या, हातात किल्ली दिली. तिच्याकडे लायसन आहे, सरावही होतोय. मी शेजारी बसतो. काल टाकी भरली, पंधराच्या जरा वरच. गाडी बरी झाली, विकायची नाही असं धनेश म्हणाला. सगळे हसले, मीही हसलो, आणि मग पंपावरच मला रडू आलं.

उत्तर सवडीनं लिही, पण लिही.

तुझा,
ज्योतीराम