मधलं दार आणि डावी-उजवी बाजू

वडीलधाऱ्या नोमागुगुताईला धाकट्या एल्फासचा उमलाझीहून वाकून नमस्कार.

तिकडे नक्वुथूच्या थंडीत तुझे गुडघे काय म्हणतात? तांबडी गाय व्याली का? आम्ही सगळे ठीक आहोत आणि येत्या डिसेंबरात समुद्रावर जाणार आहोत. (उभी असशील तर आधी बस.)

ताई, मला पंचाहत्तरावं लागतंय. तीस वर्षं शाळेच्या पत्र्याच्या छपराखाली मी पोरांकडून जहाजाची कविता घोकून घेतली, पण जहाजात कधी पाय ठेवला नाही. म्हणून दरबानहून मोझांबिकला जाऊन येणारी पाच दिवसांची सफर ठरवली. हे लोकांना सांगायचं कारण. खरं कारण म्हणजे तुझे दोन भाचे. त्यांच्या आईच्या कबरीवर दगड बसवला त्या दिवशी दोघांनी दोन बैल आणले आणि आधी कुणाचा कापायचा यावरून जे बिनसलं, ते तीन वर्षं तसंच आहे. थोरल्या व्हुसुमुझीचा निरोप धाकट्या लिंडेलानीला माझ्यामार्फत, लिंडेलानीचा टोमणा व्हुसुमुझीला माझ्यामार्फत. (मी टोमणे गाळून पोचवतो, त्यामुळे निरोप फारच छोटे होतात.) तर जहाजावर म्हणे जोडखोल्या मिळतात, मधल्या भिंतीत दार असलेल्या. एकीत थोरल्याचा संसार, दुसरीत धाकट्याचा, आणि मध्ये दार! मला तर ते दोन कडव्यांमधल्या मोकळ्या जागेसारखं वाटलं. तिथे माणूस श्वास घेतो आणि पुढचं आठवतं.

सफरीच्या कचेरीतल्या मुलीला फोन लावला. आधी तिला ती कविता म्हणून दाखवली. तिसऱ्या कडव्याला ती म्हणाली, "बाबा, लाटा राहू द्या, नावं सांगा." मी गडबडलो आणि घरात आपण बसतो तशीच सांगितली: उजवीकडे पुरुष, म्हणजे मी, व्हुसुमुझी, लिंडेलानी आणि नातू, डावीकडे बायका, म्हणजे दोन्ही सुना आणि नात. आपल्या बापाने आपल्याला दुसरी रीत शिकवली होती कुठे? तिने निमूटपणे उजवी बाजू एका खोलीत घातली आणि डावी दुसरीत. मधलं दार हवं का, विचारलं. मी म्हटलं, अगं, दारासाठीच तर हा सगळा खटाटोप!

खोल्यांच्या नोंदणीचा कागद आला. थोरली सून नोकवान्डा चौदा वर्षांत माझ्यासमोर उघड्या डोक्याने आलेली नाही. तिने तो दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवला आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "बाबा, दारापलीकडे सासरे. म्हणजे पाच दिवस डोक्याला रुमाल नि अंगावर शाल घेऊन झोपायचं ना मी? त्यापेक्षा मला सामानाच्या खोलीत टाका." (इतकं लांब वाक्य ती माझ्याशी प्रथमच बोलली.)

आणि मग, ताई, व्हुसुमुझीने माझ्यादेखत लिंडेलानीला स्पीकरवर फोन लावला!

"म्हाताऱ्याने काय करून ठेवलंय बघितलंस?"

"बघितलं. पण तू त्यांच्या हातात फोन दिलासच कसा?"

"मी? वापरायला तूच शिकवलंस ना रे!"

अकरा मिनिटं बोलले. मी बिनडोक आहे यावर दोघांचं संपूर्ण एकमत झालं. तीन वर्षांत इतकं गोड काही कानावर पडलं नव्हतं. आता यात बदल होणार नाही, असं मी त्यांना पडलेल्या चेहऱ्याने सांगितलं. त्यावर पुन्हा सात मिनिटं.

गुडघ्यांना तेल लावत जा. तुझ्या आशीर्वादाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,

एल्फास म्बाथा

ता. क. बायकांच्या खोलीत चौथा पलंग रिकामा आहे, दाराला अगदी लागून. घरची आत्या तिथे निजली, कडी तिच्या हातात राहिली, तर कुणाची काय बिशाद बोलायची! तुला पाण्याची भीती वाटते, ठाऊक आहे. पाण्याकडे बघू नकोस, दाराकडे बघ. पासपोर्ट तेवढा काढ.

ता. क. २ बदल शुक्रवारपर्यंत करता येईल, असं ती मुलगी म्हणाली होती खरं. आज शनिवार.

ता. क. ३ पाकीट चिकटवणार, तोच दोघे घरी आले. एकाच गाडीतून. बाहेर अंगणात वरचा पलंग कुणाचा यावर भांडण पेटलंय. लिंडेलानी म्हणतो, लहानपणी वर नेहमी तूच निजायचास, आता माझी पाळी. मी खिडकी उघडी ठेवून बसलोय.